दुबईत मुलांची शाळा: कागद कुठून सुरू करायचे, पैसे कधी भरायचे

नवऱ्याला दुबईची ऑफर आली तेव्हा आमच्या घरात आठवडाभर फक्त पगार आणि घरभाडं यांचाच हिशेब चालला होता. शाळेचा विषय निघाला की सगळ्यांचं एकच, "तिथं काय, पावलोपावली इंडियन स्कूल आहेत." आहेत, खोटं नाही. तरी माझा मुलगा मे आणि जून घरी बसला, मग जुलै-ऑगस्टची सुट्टी लागली, आणि वर्गात तो पहिल्यांदा बसला ऑगस्ट संपताना. जागा मिळाली नव्हती असं नाही. जागा होती, आगाऊ पैसे भरले होते, गणवेशसुद्धा आणला होता. एका दाखल्यावरचा शिक्का चुकीच्या प्रकारचा होता.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांना फोनवर हेच सगळं सांगत आले. म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते. हे दुबईबद्दल आहे. शारजा आणि अबुधाबीचे नियम वेगळे, तिथल्या शिक्षण यंत्रणाही वेगळ्या. शारजात स्वस्त घर घेऊन मुलांना दुबईतल्या शाळेत घालायचा बेत असेल तर तो आत्ताच कागदावर खोडा. सकाळी त्या रस्त्यावर जी गर्दी असते ती मोठ्यांनाही नको होते.

१. आधी परतीचं ठरवा

विचित्र वाटेल, पण शाळा निवडताना पहिला प्रश्न हाच: परत कधी जायचं? दोन-तीन वर्षांचं कंत्राट असेल आणि मग पुण्या-नाशकाला परतायचं असेल, तर सीबीएसई किंवा आयसीएसईची भारतीय शाळा सरळ. इथून पुढे युरोप-कॅनडाकडे जायचा विचार असेल तर ब्रिटिश किंवा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम. "बघू पुढचं पुढे" म्हणत ब्रिटिश शाळेत घातलेली मुलं आठवीत भारतात परततात तेव्हा हिंदी, मराठी आणि तिथला गणिताचा वेग, तिन्ही एकदम अंगावर येतात.

मराठीचं विसरू नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. दुबईतल्या भारतीय शाळेत मुलाला हिंदी मिळेल, अरबी तर घ्यावीच लागेल, मराठी मात्र घरीच.

मोठ्या मुलांच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी. सीबीएसईत दहावी आणि बारावीला थेट प्रवेश सहजी मिळत नाही. पालकांची बदली वगैरे ठोस कारण दाखवून मंडळाची परवानगी काढावी लागते, आणि मंडळाकडची नोंदणी नववीत आणि अकरावीतच होते. त्यामुळे मूल नववीत जाण्याआधी हलवा, नाहीतर दहावी होईपर्यंत थांबा. दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यातून जागा हवी असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असणं साधारणपणे लागतं. दहावी दुबईत झाली आणि मग बारावीला लातूरला पाठवलं, तरी तो रस्ता बंद झालेला असू शकतो. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर हा हिशेब विमानाच्या तिकिटाआधी करा.

२. इयत्तेचं गणित

ब्रिटिश शाळेत 'इयर' असतं, भारतीय शाळेत 'ग्रेड', आणि दोन्हींत एकाचा फरक. आपली पहिली म्हणजे इयर टू, तिसरी म्हणजे इयर फोर. इयर फोर ऐकून "मुलाला चौथीत ढकललं" म्हणून घाबरू नका, आणि "एक वर्ष वाचलं" म्हणून पेढेही वाटू नका. बालवाडीचं असं: एफएस (ब्रिटिश शाळेतली फाउंडेशन स्टेज) वन तिसऱ्या वर्षी, एफएस टू म्हणजे केजी वन चौथ्या वर्षी, इयर वन म्हणजे केजी टू पाचव्या.

शैक्षणिक वर्षही दोन प्रकारचं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, बाकीच्या ऑगस्टच्या शेवटी. आपली राज्य मंडळाची शाळा जूनची, म्हणजे ती दोन्हींत बसत नाही. एप्रिलमध्ये तिसरीची परीक्षा देऊन मे महिन्यात इथं उतरलेल्या मुलाची इथली चौथी महिनाभर आधीच सुरू झालेली असते. शक्य असेल तर नवऱ्याची रुजू होण्याची तारीख आणि मुलांची तारीख वेगळी ठेवा. तो आधी जाऊ दे. आम्ही सगळे एकत्र जायचा हट्ट केला आणि दोन्हीकडून अडकलो.

वयाची अट तारखेवर चालते. एप्रिलच्या शाळांसाठी ३१ मार्चला वय मोजतात. ऑगस्टच्या शाळांसाठी बरीच वर्षं ३१ ऑगस्ट ही तारीख होती, २०२६-२७ पासून ती ३१ डिसेंबर झाली आहे. महाराष्ट्रातही पहिलीसाठी ३१ डिसेंबर धरतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेलं मूल नाशकात पहिलीत असतं आणि इथल्या एप्रिलवाल्या शाळेत केजी टूच्या वयाचं निघतं. अशा मुलाच्या बाबतीत पैसे भरण्याआधी शाळेकडून ईमेलवर इयत्ता लिहून घ्या. फोनवरचा होकार धरू नका.

३. कागद: हे सगळं भारतात असतानाच

सगळा गोंधळ इथंच होतो, म्हणून जरा लांबण लावते.

अमिराती हा देश हेग अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, नाही. म्हणून तिथं अपोस्टिलचा शिक्का चालत नाही, अॅटेस्टेशनच, म्हणजे टप्प्याटप्प्याने केलेलं साक्षांकनच लागतं. आमच्या एजंटने "परदेशासाठी आहे ना, मग अपोस्टिल" असं म्हणून ते करून दिलं. कागदावर परराष्ट्र मंत्रालयाचा छानसा स्टिकर पाहून आम्हीही खूश झालो. दुबईत शाळेच्या बाईंनी तो कागद शांतपणे परत केला. मग मूळ दाखला कुरियरने नाशिक, तिथून मुंबई, आणि पुन्हा सगळी साखळी पहिल्यापासून. एजंटकडे जाल तेव्हा "यूएई एम्बसी अॅटेस्टेशन" हेच शब्द वापरा आणि पावतीवर तेच लिहून घ्या.

साखळी अशी असते: आधी राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकन, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, मग अमिरातीच्या दूतावासाचं किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचं, आणि शेवटी अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, ज्याला इथं सगळे 'मोफा' म्हणतात. मोफाचे कागदामागे १५० दिरहम. आपलं परराष्ट्र मंत्रालय थेट तुमच्या हातून कागद घेत नाही, अधिकृत संस्थांमार्फत घेतं. त्यामुळे एजंट कुठेतरी लागतोच, फक्त तो काय करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आता एकेक कागद.

शाळा सोडल्याचा दाखला. इथं त्याला टीसी म्हणतात, आपण एलसी. दुसरी आणि त्यावरच्या इयत्तांना तो लागतोच. त्यावर मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. राज्य मंडळाच्या शाळेसाठी जिल्हा परिषदेतलं शिक्षणाधिकारी कार्यालय, प्राथमिक किंवा माध्यमिक, इयत्तेप्रमाणे. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. सीबीएसई शाळा असेल तर सही नेमकी कुठली, हे शाळेच्या लिपिकालाच विचारा. त्यांनी आखातात जाणारी दहा मुलं तरी पाहिलेली असतात. साहेब दौऱ्यावर असले की आठवडा जातो, म्हणून परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी अर्ज द्या. दाखल्यात 'कोणत्या इयत्तेत शिकत होता' आणि 'उत्तीर्ण होऊन कोणत्या इयत्तेस पात्र' हे स्पष्ट हवं. मराठी माध्यमाचा दाखला मराठीत असतो. तो इंग्रजीत मिळतो का ते आधीच विचारा, नाहीतर भाषांतराचं आणखी एक लचांड मागे लागतं.

जन्मदाखला. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथं होते, तुम्ही राहता तिथं नाही. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या मुलाचा दाखला कोल्हापूरचा, मुलीचा नाशिकचा. कोल्हापूरचा काढला तर त्यावर नावाची जागा कोरी! दवाखान्याने जन्म कळवला, आम्ही बारसं केलं, नाव नोंदवायला कुणी गेलंच नाही. तुमच्या घरातही हे असू शकतं, आज रात्रीच कपाट उघडून बघा. वर्षाच्या आत नाव फुकट घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. ग्रामपंचायतीचा जुना हस्तलिखित दाखला असेल तर नवा संगणकीय, मराठी-इंग्रजी काढून घ्या.

विवाह नोंदणी दाखला. हा शाळेला लागत नाही, पण बायकोच्या व्हिसाला लागतो, आणि घरच्यांचे व्हिसा लटकले की पुढची सगळी घडी विस्कटते. मंगल कार्यालयात लग्न झालं, पत्रिका आणि अल्बम आहे, नोंदणी नाही, अशी जोडपी आपल्याकडे भरपूर आहेत. मुलांच्या व्हिसासाठी जन्मदाखलेही साक्षांकित लागतात. तेव्हा विवाह दाखला, दोन्ही जन्मदाखले आणि टीसी एकाच फेरीत द्या.

नावं. पासपोर्ट, जन्मदाखला आणि टीसी समोरासमोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्या पद्धतीत एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे मुलाचं नाव आधी, मधे वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, आणि आईचं नाव माहेरचं की सासरचं याचा पत्ता नाही. शाळेच्या दाखल्यात 'श्री' एका 'आय'ने आणि पासपोर्टात दोन 'ई'ने, एवढ्यावरही अडतं. दुरुस्ती टीसी हातात पडण्याआधी शाळेत सोपी असते, शिक्के लागल्यानंतर जवळजवळ नवा कागदच करावा लागतो.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आमच्या सासऱ्यांनी नातवाचा जन्मदाखला प्रेमाने लॅमिनेट करून ठेवला होता. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही.

बॅगेत असायलाच हवेत असे कागद:

- मुलांचे आणि दोघा पालकांचे पासपोर्ट, व्हिसाच्या प्रतींसह
- साक्षांकित जन्मदाखले
- साक्षांकित टीसी, दुसरी आणि वरच्या इयत्तांसाठी
- मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या शिक्क्यासह
- लसीकरणाचं कार्ड. फाटलेलं, डाग पडलेलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत स्वच्छ यादी, तारखांसह
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, डझनभर
- मुलाला शिकण्यात कसली मदत लागत असेल तर त्याचे अहवाल

एमिरेट्स आयडी, म्हणजे अमिरातीचं ओळखपत्र, तिथं गेल्यावर मिळतो, त्याबद्दल पुढे.

शेवटच्या अहवालांबद्दल थोडं. आपल्याकडे अशा गोष्टी लपवायची सवय आहे. दुबईत मदतीची गरज असलेल्या मुलांना सामावून घेण्याचं धोरण आहे आणि शाळांत त्यासाठी वेगळे शिक्षक असतात. सांगितलंत तर मदत मिळते. लपवलंत तर दुसऱ्या महिन्यात बोलावणं येतं, आणि तेव्हा तुमची बाजू कमजोर झालेली असते.

४. शाळांची यादी

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी यंत्रणेचं नियंत्रण आहे. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचं पान मिळतं: अभ्यासक्रम, तपासणीचा अहवाल, फीचा तक्ता. दर्जे उतरत्या क्रमाने आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अॅक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक असे. नियमित तपासण्या २०२४-२५ पासून थांबवल्या आहेत, म्हणून दर्जाशेजारी वर्ष बघा. मुख्याध्यापक बदलले की शाळा बदलते, आणि फलकावरचं 'व्हेरी गुड' तेच राहतं.

माझं मत सांगू? 'गुड' शाळा घरापासून पंधरा मिनिटांवर असेल तर ती 'आउटस्टँडिंग' शाळा तासाभरावर असण्यापेक्षा कधीही चांगली. बस सव्वासहाला येते. केजीतलं मूल सव्वापाचला उठवून बघा एकदा. म्हणून घर आधी घेऊ नका, शाळा आधी ठरवा. करामा, बर दुबई, ऊद मेथा, अल नाहदा, अल कुसैस या भागांत भारतीय कुटुंबं दाटीने राहतात, त्यामागे शाळांची जवळीक हे एक मोठं कारण आहे. ऊद मेथातली द इंडियन हायस्कूल १९६१ पासून आहे, नफ्यासाठी चालत नाही, आणि तिथं जागेसाठी रांग असते. अशा शाळेवर एकटीवर विसंबू नका. पाच नावं काढा: दोन आवडीची, दोन मिळतील अशी, एक घराजवळची.

फी. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बऱ्याच स्वस्त, ब्रिटिश मध्यम ते महाग, आणि काही आयबी शाळांच्या वरच्या वर्गांत वर्षाला लाख दिरहमांच्या वर. फीचा तक्ता बघताना सक्तीची आणि ऐच्छिक फी वेगळी लिहिलेली असते, ती बेरीज स्वतः करा: बस, पुस्तकं, गणवेश, टॅबलेट, सहली. शाळा मनमानी फी वाढवू शकत नाही, त्यासाठी दरवर्षी एक निर्देशांक जाहीर होतो. २०२५-२६ साठी तो २.३५ टक्के होता.

५. अर्ज आणि चाचणी

अर्ज ऑनलाइन. एप्रिलच्या सत्रासाठी बऱ्याच भारतीय शाळा आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच नोंदणी सुरू करतात, आणि केजी वनच्या जागा सगळ्यात आधी संपतात. भावंडं आधीपासून शाळेत असतील तर त्यांना प्राधान्य. व्हिसा झालेला नसला तरी अर्ज करता येतो, "व्हिसा प्रक्रियेत आहे" एवढं लिहा.

चाचणीचा बाऊ नको. केजीत खेळवतात, रंग विचारतात, आईपासून दूर बसतो का बघतात. माझी मुलगी सगळी उत्तरं मराठीत देऊन आली, "हा निळा, हा पिवळा", आणि तिला घेतलं. वरच्या वर्गांत इंग्रजी आणि गणिताचा पेपर असतो. ब्रिटिश शाळांत बहुतेक ठिकाणी 'कॅट फोर' नावाची संगणकावरची चाचणी. तिचा अभ्यास करता येत नाही, फक्त आदल्या रात्री वेळेवर झोपवा. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांचा प्रश्न गणिताचा नसतो, गणिताच्या शब्दांचा असतो. लसावि-मसावि, अंश-छेद, काटकोन या शब्दांची इंग्रजी जोडी दोन महिने आधीपासून घरात बोलायला लागा.

६. पैसे भरण्याआधी थांबा

जागा मिळाली की शाळा दोन-चार दिवसांची मुदत देते आणि मग हात थरथरायला लागतात. नव्या विद्यार्थ्याकडून वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत नोंदणी रक्कम घेता येते, ती पुढे फीत वळती होते. पण तुम्ही आलाच नाहीत तर ती गेली. पाच शाळांत पाच वेळा ही रक्कम भरणारे लोक मी पाहिले आहेत.

मूल शाळेत जायला लागलं आणि मग काढलं, तर हिशेब असा: दोन आठवड्यांपर्यंत गेलं असेल तर एका महिन्याची फी कापतात, दोन आठवडे ते महिना झाला तर दोन महिन्यांची, महिन्यावर गेलं तर पूर्ण टर्मची. तेव्हा मनासारख्या शाळेतून बोलावणं येईपर्यंत दुसरीकडे 'तात्पुरतं' बसवायचं असेल तर किंमत माहीत असू द्या.

कंपनी शिक्षण भत्ता देते का, देत असेल तर पावती दाखवल्यावर की पगारात, मुलामागे किती, बससकट का, हे ऑफर लेटर सही करण्याआधी नवऱ्याने विचारायचं आहे. आमच्याकडे "एज्युकेशन कव्हर्ड" इतकंच लिहिलं होतं. कव्हर्ड म्हणजे एका मुलाचं, हे नंतर कळलं.

७. उतरल्यानंतरचे दिवस

क्रम असा ठेवा: व्हिसा, एमिरेट्स आयडी, बँक खातं, घराच्या कराराची नोंदणी म्हणजे इजारी, मग शाळेचे उरलेले कागद. बऱ्याच शाळा टर्मच्या फीसाठी पुढच्या तारखांचे धनादेश मागतात आणि धनादेश पुस्तिका यायला वेळ लागतो. धनादेश परत गेला तर ते प्रकरण इथंही जड जातं, म्हणून शक्य तिथं कार्डाने भरा. १८ वर्षांखालच्या मुलांना व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी नसते, एक चकर वाचते.

प्रवेश पक्का झाला की पालक आणि शाळा यांच्यात एक करार होतो, केएचडीएच्या नमुन्यातला. आम्ही मोबाइलवर 'मान्य' दाबून मोकळे झालो होतो. तुम्ही तसं करू नका. फी परतीची, हजेरीची आणि बसची कलमं त्यातच असतात.

दाखल्याच्या एखाद्या शिक्क्याला उशीर होत असेल तर शाळेला लगेच सांगा आणि हमीपत्रावर मुलाला बसू देतात का विचारा. मी हे विचारलंच नाही. शाळेला राग येईल म्हणून गप्प राहिले. जूनच्या शेवटी दुसऱ्या एका आईने सहज सांगितलं की तिचा मुलगा हमीपत्रावर एप्रिलपासून बसतोय.

८. पहिला आठवडा

शनिवार-रविवार सुट्टी, शुक्रवारी शाळा लवकर सुटते. आईवडील दोघं नोकरी करत असाल तर शुक्रवार दुपारची सोय आधी लावा. रमजानमध्ये शाळेचे तास कमी होतात. अरबीचा गृहपाठ सुरुवातीला तुम्हाला कुणालाच समजणार नाही, अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहितात एवढं मुलाला आधी सांगून ठेवा म्हणजे तो पहिल्या तासाला दचकणार नाही. गणवेश ठरलेल्या दुकानातूनच मिळतो, एप्रिलमध्ये आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तिथं जाऊ नका.

डबा. इथल्या बहुतेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा आणायला बंदी असते, कुणा मुलाला अॅलर्जी असेल म्हणून. आपल्या डब्यात शेंगदाणा किती ठिकाणी लपलेला असतो ते मला तेव्हा कळलं: साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, कुटाचा लाडू. पहिल्याच दिवशी मुलाचा डबा न उघडता घरी आला, वर चिठ्ठी चिकटवलेली. दुसऱ्या दिवसापासून तूप-साखर पोळीचा रोल आणि काकडी.